सातव्या क्रमांकाचे मॅनेजर

मुलांनो, तुमच्यापैकी अनेकांचे आई किंवा बाबा रोज सकाळी एक्स्पो स्टेशनला उतरून चांगी बिझनेस पार्कमध्ये कामाला जातात. तिथे ते दिवसभर काय करतात असे तुम्हांला विचारले तर "कॉम्प्युटरसमोर बसून मीटिंग" असे उत्तर मिळते आणि ते फारसे चुकीचेही नाही. पण जेवणाच्या सुट्टीत आम्ही आठ जण आणखी एक उद्योग करतो. तो म्हणजे फाशांचे बेसबॉल. आठ संघ, आठ मॅनेजर, प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे, म्हणजे प्रत्येकी १४ सामने. पैसे लावायचे नाहीत. हरणाऱ्याने उठून दोघांची कोपी आणायची, एवढाच दंड.

यंदाचा हंगाम नुकताच संपला. आमच्या लीगचा एक कडक नियम आहे. तक्त्यात शेवटच्या दोन क्रमांकांवर जे येतील त्यांच्याकडे संघ ठेवायचा की नाही, यावर बाकीच्यांनी मत द्यायचे. कारण संघ मिळावा म्हणून बाहेर दोघे जण रांगेत उभे आहेत. आठवे आलेले मॅनेजर बदली होऊन पुण्याला निघाले आहेत, तेव्हा त्यांचा प्रश्न आपोआप सुटला. उरले सातवे. ५ विजय, ९ पराभव. त्यांच्या परवानगीने या लेखापुरते आपण त्यांना 'सातवे काका' म्हणू. त्यांची मुलगी आपल्याच वर्गात आहे आणि तिने आम्हांला सरळच विचारले, "आमचे बाबा वाईट मॅनेजर आहेत का?" लीगची धावफलकाची वही आमच्याकडे असते, त्यामुळे उत्तर शोधण्याचे कामही आमच्याकडेच आले.

आधी खेळ समजून घेऊ. बेसबॉलमध्ये नऊ-नऊ खेळाडू असतात. चार कोपऱ्यांच्या मैदानाला वळसा घालून, पहिला, दुसरा, तिसरा बेस करत बॅटर घरच्या बेसवर परत आला की एक धाव. एका इनिंगमध्ये तीन आउट, आणि इनिंग नऊ. म्हणजे सामन्यात प्रत्येक संघाला २७ आउट मिळतात. क्रिकेटमध्ये मैदानावरचे निर्णय कॅप्टन घेतो. बेसबॉलमध्ये ते काम मॅनेजरचे. तो कडेला बसून कोणी कितव्या क्रमांकावर बॅटिंग करायची, पिचर कधी बदलायचा, धावणाऱ्याने बेस चोरायचा की नाही, हे सगळे ठरवतो.

फाशांच्या खेळात खरे खेळाडू नसतात, त्यांचे पत्ते असतात. आम्ही वापरतो तो 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' नावाचा खेळ हॅल रिचमन या अमेरिकन माणसाने १९६१ साली बाजारात आणला. त्याची सुरुवात त्याने शाळकरी वयातच केली होती. खऱ्या खेळाडूने खऱ्या हंगामात जे केले त्याच्या प्रमाणात त्याच्या पत्त्यावर निकाल छापलेले असतात. तीन फासे टाकायचे. एका रंगीत फाशावर १, २, ३ पडले तर बॅटरचा पत्ता पाहायचा. ४, ५, ६ पडले तर पिचरचा. उरलेल्या दोन फाशांची बेरीज करायची आणि त्या आकड्यासमोर काय लिहिले आहे ते वाचायचे. दोन फाशांची बेरीज ७ येण्याचे ३६ पैकी ६ मार्ग आहेत आणि २ येण्याचा फक्त एक. म्हणून चांगल्या बॅटरच्या पत्त्यावर ७ समोर काहीतरी गोड लिहिलेले असते. २०२० साली साथीमुळे अमेरिकेत खरे बेसबॉल लांबणीवर पडले तेव्हा याच खेळाच्या कंपनीने रोजचे सामने कॉम्प्युटरवर खेळवून निकाल जाहीर केले होते, आणि लोक ते आवडीने वाचत होते.

तुम्ही म्हणाल, हे तर आईबाबांच्या पुस्तक-क्रिकेटसारखे झाले. अगदी बरोबर. आमच्या पिढीने बाकाखाली पाठ्यपुस्तक उघडून असंख्य कसोट्या खेळल्या आहेत. पुस्तक उघडायचे, डाव्या पानाचा शेवटचा आकडा पाहायचा. ० आला की आउट. २, ४, ६, ८ आले की तेवढ्या धावा. (काही शाळांत ८ ला एकच धाव असे. त्यावर मारामाऱ्याही होत.) याचे गणित करून पाहा. पाच आकड्यांपैकी एक शून्य, म्हणजे प्रत्येक फलंदाज आउट होण्याआधी सरासरी चार वेळा वाचतो, आणि दर वेळी सरासरी ५ धावा काढतो. झाल्या २० धावा. दहा विकेटचा डाव सरासरी २०० चा. पण ही सरासरी झाली. प्रत्यक्षात एखादा डाव १३० वर आटोपतो आणि एखादा २७० पर्यंत जातो, आणि त्यात नवल काहीच नाही. दोन मुलांच्या डावांत शंभर धावांचा फरक पडणे हीही नेहमीची गोष्ट.

आता विचार करा, पुस्तक-क्रिकेटची लीग भरवली आणि एखादा मुलगा शेवटचा आला, तर त्याला 'वाईट कॅप्टन' म्हणता येईल का? त्याने काही ठरवलेच नव्हते! (सारखे उघडून पुस्तकाला विशिष्ट पानाची 'सवय' लावून ठेवणारी मंडळी वर्गात असत. पण त्यांना कॅप्टन म्हणत नसत, दुसरे काहीतरी म्हणत.) बुद्धिबळात याच्या उलट. तिथे फासा नाही, हरलो तर आपणच हरलो. फाशांचे बेसबॉल या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि म्हणून मॅनेजरचा हंगाम तपासायचा तर पहिले काम म्हणजे फाशांचा वाटा वेगळा काढणे.

१४ सामने हा आकडा किती लहान आहे हे घरी पाहता येईल. एक डॉलरचे नाणे घ्या आणि १४ वेळा उडवा. छापा म्हणजे विजय. सरासरी ७ विजय यायला हवेत. पण गणित सांगते की पाच किंवा त्याहून कमी छापे पडण्याची शक्यता २१ टक्के आहे. म्हणजे अगदी बरोबरीचा संघ आणि तितकाच बरा मॅनेजर असला, तरी पाच हंगामांतून एकदा त्याच्या वाट्याला ५ विजय किंवा त्याहून वाईट येणारच. नऊ किंवा अधिक विजयांची शक्यताही तेवढीच. त्या वर्षी त्याच मॅनेजरच्या पाठीवर शाबासकी पडते. खऱ्या अमेरिकन लीगमध्ये प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, तेव्हा दैवाचे असे हेलकावे पुष्कळसे सपाट होतात. आपली आयपीएल मात्र आमच्याच मापाची आहे. तिथेही साखळीत प्रत्येकी १४ सामने.

मग नुसते विजय मोजून भागत नाही, तर काय मोजावे? धावा. बिल जेम्स नावाचा एक अमेरिकन गृहस्थ बीन्स डबाबंद करणाऱ्या कारखान्यात रात्रीची राखण करत असे, आणि त्या निवांत रात्रींत बेसबॉलचे आकडे घेऊन बसे. त्याने एक साधे सूत्र मांडले. संघाने काढलेल्या धावांचा वर्ग करा, दिलेल्या धावांचा वर्ग करा. पहिल्या वर्गाला दोन्हींच्या बेरजेने भागा. जो अपूर्णांक येईल तेवढ्या प्रमाणात त्या संघाने सामने जिंकायला हवे होते. वर्गांची बेरीज आहे म्हणून याला पायथागोरसचे नाव मिळाले. त्रिकोणाशी त्याचा काही संबंध नाही, हे सातवीतल्यांनी लक्षात ठेवावे.

सातव्या काकांच्या वहीत आम्ही बेरीज केली. हंगामात काढलेल्या धावा ६१, दिलेल्या ६०. वर्ग ३७२१ आणि ३६००. भागाकार ०.५०८, गुणिले १४, म्हणजे ७.१. त्यांच्या संघाने ७ सामने जिंकायला हवे होते, जिंकले ५. उरलेले दोन कुठे गेले? तेही वहीत सापडले. एका धावेने निकाल लागलेले त्यांचे सात सामने होते. त्यांतला एक ते जिंकले आणि सहा हरले. नाणे सात वेळा उडवून एक किंवा शून्य छापे पडण्याची शक्यता सोळात एक. वाईट खरी, पण अशक्य मुळीच नाही. आठ जणांच्या लीगमध्ये दर दोन-तीन हंगामांत कोणाच्या तरी कपाळी हे यायचेच.

एका धावेचा सामना काय असतो हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. २०१७ च्या आयपीएलमध्ये पुण्याच्या 'रायझिंग पुणे सुपरजायंट' संघाने मुंबई इंडियन्सला साखळीत दोनदा आणि क्वालिफायरमध्ये एकदा, असे तीन वेळा हरवले. चौथी गाठ पडली ती हैदराबादला, अंतिम सामन्यात. मुंबईच्या १२९ धावा. पुण्याला शेवटच्या चेंडूवर ४ हव्या होत्या. दोन निघाल्या, तिसरी घेताना रनआउट. पुणे १२८. करंडक मुंबईला गेला, आणि योग्यच गेला, कारण नियम तोच आहे. पण स्टीव्ह स्मिथने त्या मोसमात पुण्याचे नेतृत्व रोहित शर्माच्या मानाने वाईट केले, असे त्या एका धावेवरून कोणी म्हणू लागला तर आम्ही त्याला वही आणायला सांगू. पुण्याचा संघ दोनच वर्षांसाठी होता, त्यामुळे पुढच्या वर्षी काय घडले असते हे कधी कळलेच नाही.

पुढचे वर्ष पाहता येते असेही एक उदाहरण आहे. बॉल्टिमोर ओरिओल्सचा संघ २०१२ साली ९३ सामने जिंकला. मॅनेजर होते बक शोवॉल्टर. काढलेल्या धावा ७१२ आणि दिलेल्या ७०५. वरचे सूत्र लावले तर ८२ विजयच निघतात. जास्तीचे कुठून आले? एका धावेच्या सामन्यांत ओरिओल्स २९ जिंकले आणि फक्त ९ हरले. नाजूक सामने कसे जिंकावेत याचे जणू गुपितच शोवॉल्टरना सापडले, असे तेव्हा अनेकांना वाटले. पुढच्या वर्षी मॅनेजर तेच. एका धावेच्या सामन्यांत २० विजय आणि ३१ पराभव. गुपित असते तर ते एका हिवाळ्यात विसरले नसते. शोवॉल्टर चांगले मॅनेजर होते असेच आमचे मत आहे, पण त्याचा पुरावा २९-९ हा नव्हे.

दैव किती आणि कसब किती, हा प्रश्न कोर्टातही गेलेला आहे. मुंबईत २००८ साली सुरू झालेल्या 'ड्रीम-११' या खेळात लोक खऱ्या खेळाडूंचे काल्पनिक संघ बांधत. त्यावर पैसे लावणे हा जुगार की कौशल्य, यावर खटले झाले. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कौशल्याच्या बाजूने कौल दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळच बंद केले, मग त्यांत कौशल्य असो वा दैव. आमची कोपी या कायद्यात बसत नाही, हे आपले सहज सांगितले.

इथवर सगळे सातव्या काकांच्या बाजूचे झाले. पण मॅनेजरची खरी तपासणी धावांनीही होत नाही. ती निर्णयांनी होते. फाशांच्या लीगची मोठी सोय अशी की पत्ते उघडे असतात. फासा टाकण्याआधी काय शहाणपणाचे होते हे हिशेबाने काढता येते, फासा काहीही पडो. म्हणून आम्ही वहीतली निर्णयांची नोंद काढली, आणि तिथे एक गोष्ट डोळ्यांत भरली : बंट.

बंट म्हणजे बॅट न फिरवता चेंडू नुसता टेकवून जवळच पाडायचा. बॅटर स्वतः आउट होतो, पण पहिल्या बेसवरचा गडी दुसऱ्यावर पोचतो. सातवे काका मूळचे क्रिकेटवाले. स्ट्राइक बदलावा, एकेक धाव जमवावी, थेंबे थेंबे तळे साचे, ही त्यांची वृत्ती. पहिल्या बेसवर गडी आणि एकही आउट नाही, अशा वेळी त्यांनी हंगामात १९ वेळा बंट केला. दिसायला हे शिस्तीचे, त्यागाचे दिसते. हिशेब मात्र उलटा आहे. अमेरिकन लीगच्या २०१० ते २०१५ च्या हजारो सामन्यांवरून काढलेले आकडे पाहा. पहिल्या बेसवर गडी आणि शून्य आउट असताना त्या इनिंगमध्ये पुढे सरासरी सुमारे ०.८६ धावा होतात. दुसऱ्या बेसवर गडी आणि एक आउट असताना सुमारे ०.६६. म्हणजे बंट साधला तरी एक पंचमांश धाव गेली! बरे, निदान एक तरी धाव निघण्याची शक्यता वाढली का? तीही सुमारे ४२ टक्क्यांवरून ४० वर येते. बॅटर अगदीच दुबळा असेल तर गणित बदलते, पण काकांनी आपल्या चांगल्या बॅटरनाही बंट करायला लावले होते.

असे का होते हे क्रिकेटशी तुलना केली की कळते. ट्वेन्टी-२० मध्ये १२० चेंडू आणि दहा विकेट असतात; चेंडू संपतात, विकेट बहुधा उरतात, म्हणून तिथे विकेट उधळायला हरकत नसते. बेसबॉलमध्ये चेंडूंची मर्यादाच नाही. २७ आउट ही एकच पुंजी. बंट करणारा त्या पुंजीतला एक आउट आपल्या हाताने काढून देतो आणि बदल्यात एक बेस घेतो. सौदा महाग पडतो.

१९ बंट, प्रत्येकी ०.२ धाव, म्हणजे सुमारे ४ धावा गेल्या. आता काका सहा सामने एकेका धावेने हरले आहेत, तेव्हा "या चार धावा मिळाल्या असत्या तर चार सामने जिंकले असते" असे म्हणण्याचा मोह होतो. आमच्या टेबलावर एकाने तसे म्हटलेही. पण त्या चार धावा नेमक्या त्याच सामन्यांत पडल्या असत्या याची काय खात्री? त्या १४ सामन्यांत विखुरल्या असत्या. बेसबॉलमध्ये साधारण दहा धावांमागे एक विजय असा ठोकताळा आहे. त्या मापाने चार धावा म्हणजे अर्ध्या विजयापेक्षाही कमी. दैवाने नेले दोन विजय, बंटने नेला जेमतेम अर्धा. तरीही आम्ही काकांशी पाऊण तास बोललो ते बंटबद्दलच, कारण फाशांशी बोलून काही उपयोग नाही.

याच वहीत आणखी एक पान होते, आणि ते उघडायला कोणी सांगितले नव्हते. पहिल्या क्रमांकाच्या मॅनेजरचे पान. १० विजय, ४ पराभव. काढलेल्या धावा ६६, दिलेल्या ५८. सूत्राने निघतात ८ विजय, म्हणजे दोन जास्तीचे. पत्त्यावर पिचर किती इनिंग टिकतो ते छापलेले असते. त्यानंतर मार बसू लागला की तो थकलेला धरतात. या मॅनेजरांनी थकलेला पिचर नऊ वेळा तसाच ठेवला, आणि त्यांतल्या सहा वेळा फासे असे पडले की एकही धाव गेली नाही. काकांच्या बंटपेक्षा ही चूक लहान नाही. पण ती कोणी पाहिली नाही, कारण जिंकणाऱ्याला कोणी "का ठेवलास?" असे विचारत नाही. आम्ही दाखवल्यावर ते म्हणाले, "अहो, पण चाललं ना!" वर्षअखेरीस आम्हां मोठ्यांच्या कामाचाही हिशेब होतो, आणि तिथेही हे वाक्य आम्ही ऐकलेले आहे. वाचकांनी पुढचे समजून घ्यावे.

शुक्रवारी मत झाले. ही पाने सगळ्यांपुढे ठेवली होती. संघ सातव्या काकांकडे ठेवावा या बाजूने पाच, विरुद्ध दोन. विरुद्ध मत देणाऱ्यांचे म्हणणेही आम्ही नोंदवतो : लीग मजेसाठी आहे, रांगेतल्यांनाही खेळायला मिळाले पाहिजे, आणि नियम म्हणजे नियम. यात तथ्य आहे. रांगेतल्या एकाला आठवा संघ मिळालाच, दुसऱ्यासाठी नववा संघ काढता येतो का ते पाहत आहोत; पण आठांचे नऊ केले की सामने १६ होतात आणि जेवणाची सुट्टी तेवढीच राहते.

पुढच्या हंगामापासून वहीत प्रत्येक सामन्याला एक जादा रकाना असेल. फासा हातात घेण्याआधी मॅनेजरने आपला निर्णय आणि त्याचे कारण एका ओळीत लिहायचे. फासा पडल्यावर खाडाखोड चालणार नाही. पहिल्या क्रमांकालाही हे लागू. सातव्या काकांनी आपला पहिला रकाना आतापासूनच भरून ठेवला आहे : "बंट नाही. अगदीच दुबळा बॅटर असेल तरच." त्यांच्या मुलीने ते शुद्धलेखन तपासून दिले, आणि 'दुबळा' मधला 'दु' पहिला की दुसरा, यावर घरी बराच वाद झाल्याचे कळते.

ज्यांना घरी करून पाहायचे असेल त्यांनी पुस्तक-क्रिकेटचे दहा डाव खेळावेत, प्रत्येक डावाची धावसंख्या लिहून सरासरी काढावी आणि सगळ्यांत मोठा व सगळ्यांत लहान डाव यांतला फरक शनिवारी वर्गात सांगावा. पुस्तक नवे घ्या, सवय लागलेले नको.